‘आजारासाठी हो, हौसेसाठी नाही’ : एक सोपं उत्तर तपासताना



मागच्या महिन्यात नायगाव स्टेशनच्या पुलावर एका ज्युनिअरने मला गाठलं. पीएचडीची मुलाखत चार दिवसांवर होती. म्हणाला, "ताई, जन्माआधी बाळाची जनुकं बदलावीत की नाही, असं विचारलं तर काय सांगू?" मी म्हटलं, तू काय ठरवलंयस? त्याचं उत्तर पाठ होतं : "गंभीर आजार टाळण्यासाठी असेल तर हो, हौसेसाठी असेल तर नाही."

उत्तर वाईट नाही. तुमच्यापैकी बहुतेकांचं हेच असणार, आणि माझंही बरीच वर्षं हेच होतं. पण हे वाक्य याआधी एका शोधपत्रिकेत तत्त्व म्हणून छापून आलेलं आहे. ज्यांनी ते छापलं त्यांनीच ते मोडलं, आणि तो निबंध नंतर मागे घ्यावा लागला. आजची पोस्ट त्या निबंधाबद्दल आहे. नैतिकतेवरचं लिखाणही आपण प्रयोगाच्या निबंधाइतक्याच कडकपणे वाचायला शिकलं पाहिजे, म्हणून ही चिकित्सा.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करूया

मुलाखतीत इथेच निम्मी मुलं अडकतात. जनुकीय संपादन दोन प्रकारचं असतं. एकात आजारी माणसाच्या शरीरातल्या काही पेशी बदलतात. उदाहरणार्थ सिकलसेलवरची ‘कॅसजेव्ही’ ही क्रिस्परवर आधारलेली उपचारपद्धती. तिला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने मान्यता दिली. रुग्णाच्या रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळपेशी बाहेर काढतात, बदलतात आणि परत देतात. तो बदल रुग्णाबरोबरच संपतो, त्याच्या मुलांमध्ये जात नाही. आपल्याकडेही दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या संस्थेने याच दिशेने ‘बिरसा १०१’ ही पद्धत विकसित केली आहे. त्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झालाय. रुग्णांपर्यंत पोचायला तिला चाचण्यांचे टप्पे पार करावे लागतील.

दुसरा प्रकार म्हणजे फलित अंड्यात किंवा अगदी सुरुवातीच्या भ्रूणात केलेला बदल. तो पुढे शरीराच्या जवळपास सगळ्या पेशींत जातो, बीजपेशींतही. म्हणजे त्या बाळाच्या मुलांना, नातवंडांनाही तो मिळू शकतो. आपण बोलतोय ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल. ‘गर्भातलं बाळ’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं ते इथे नसतं. असतो तो प्रयोगशाळेतल्या बशीतला, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपका वाटेल असा जीव.

हा फरक न सांगता ‘जनुकीय संपादन चांगलं की वाईट’ यावर बोलणं म्हणजे ‘सुरी चांगली की वाईट’ यावर बोलणं.

निबंध कोणता

नोव्हेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात दोन गोष्टी एकदम घडल्या. चीनमधल्या शेनझेनचे शास्त्रज्ञ हे जियानकुई यांनी जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं. (त्यांचं आडनाव ‘हे’ आहे. मराठीत घोळ होतो म्हणून मी पुढे जियानकुई म्हणते.) त्याच सुमारास ‘द क्रिस्पर जर्नल’मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक छोटा निबंध आला. विषय होता अशा संपादनासाठीच्या नैतिक तत्त्वांचा मसुदा. सहलेखकांमध्ये जनसंपर्काचं काम करणारा एक सल्लागारही होता, ही नोंद बाजूला ठेवा, उपयोगी पडेल.

निबंधात पाच तत्त्वं होती. माझ्या शब्दांत सांगते. एक, गरजू कुटुंबांबद्दल करुणा. दोन, फक्त गंभीर आजारासाठी. सौंदर्य, क्षमता वाढवणं किंवा लिंगनिवड यासाठी कधीच नाही. तीन, मुलाच्या स्वातंत्र्याचा आदर. चार, जनुकं म्हणजे माणूस नव्हे. पाच, जनुकीय आजारापासून मुक्ती प्रत्येकाला मिळावी, पैसा आड येऊ नये.

वाचून बघा, नाकारण्यासारखं एक तरी आहे का? नाही. मला पहिली शंका तिथेच आली. ज्या यादीला कुणीच विरोध करू शकत नाही, ती यादी सहसा काही ठरवतही नाही.

लेखकांनी आपलं प्रत्यक्ष काम आणि त्यातले हितसंबंध उघड केले नव्हते, म्हणून २०१९ च्या सुरुवातीला पत्रिकेने निबंध मागे घेतला. डिसेंबर २०१९ मध्ये शेनझेनच्या न्यायालयाने जियानकुई यांना तीन वर्षांची कैद आणि तीस लाख युआन दंड सुनावला. पण निबंध मागे घेतला गेला म्हणून त्यातला विचार आपोआप खोटा ठरत नाही. तो चुकीचा असेल तर कुठे चुकीचा, हे आपल्याला दाखवावं लागेल.

तत्त्व आणि कृती शेजारी ठेवून

पहिलं तत्त्व करुणेचं. वडिलांना एचआयव्ही होता, आईला नव्हता. बदललेलं जनुक होतं सीसीआर५, एचआयव्हीला पेशीत शिरायला लागणारा दरवाजा. ऐकायला बरोबर वाटतं. पण वडिलांकडून बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून शुक्रपेशी धुऊन वेगळ्या करण्याची पद्धत आधीपासून होती आणि ती याच प्रयोगात वापरलीही होती. मग संपादनाने कुठला धोका टळला? मुलींना पुढे आयुष्यात कधीतरी एचआयव्ही होण्याचा. तो टाळायचे सोपे उपाय तुम्हाला-मला माहीत आहेत.

मग जोडपी तयार का झाली? चीनच्या नियमांमुळे एचआयव्ही असलेल्यांना आयव्हीएफ मिळणं अवघड होतं. त्यांना मूल हवं होतं आणि इथे आयव्हीएफ मिळत होतं, तेही फुकट. संपादन त्याच्याबरोबर आलं. म्हणजे कुटुंबाची गरज एक आणि तिच्या नावावर केलं गेलं दुसरंच. संमतिपत्रात प्रकल्पाला एड्सची लस विकसित करण्याचा प्रकल्प म्हटलं होतं. भ्रूण गर्भाशयात ठेवल्यावर माघार घेतली तर खर्च परत द्यावा लागेल अशी अटही त्यात होती. माघारीवर दंड असेल त्या कागदाला संमतिपत्र म्हणायचं की कर्जाचा करार, हे तुम्हीच ठरवा.

तिसरं तत्त्व मुलाच्या स्वातंत्र्याचं. एका मुलीत जनुकाच्या दोन्ही प्रती बदलल्या, दुसरीत एकच. शिवाय सगळ्या पेशींत सारखा बदल झालाय याचीही खात्री नव्हती. युरोपीय वंशाच्या काही लोकांत निसर्गतः आढळणारा ३२ अक्षरांचा जो अभ्यासलेला लोप आहे, तो तर दोघींतही नव्हता. जे बदल झाले ते याआधी कुणाच्याही शरीरात तपासले गेलेले नव्हते. हे सगळं भ्रूण गर्भाशयात ठेवण्याआधी दिसत होतं. तरी ठेवलं.

इथे एक तळटीप तुमच्यासाठी. जून २०१९ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये एक निबंध आला की सीसीआर५ च्या दोन्ही प्रती निकामी असलेल्यांचा मृत्युदर २१ टक्क्यांनी जास्त आहे. जियानकुई यांच्यावर टीका करणाऱ्या आम्हा सगळ्यांना तो फारच सोयीचा होता. मीसुद्धा तेव्हा सेमिनारमध्ये ठासून सांगितला होता. ऑक्टोबरमध्ये तो निबंध मागे घेतला गेला, कारण यूके बायोबँकच्या माहितीत जनुकं मोजण्याच्या पद्धतीतच त्रुटी होती. आपल्या बाजूचा पुरावा आपण किती कमी तपासतो, हा धडा मी माझ्याच खर्चाने शिकले.

चौथ्या आणि पाचव्या तत्त्वावर वेळ घालवत नाही. घोषणा म्हणून दोन्ही ठीक आहेत. खरा पेच दुसऱ्या तत्त्वात आहे, कारण तेच तत्त्व आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे.

हा प्रयोग मुंबईत होऊन गेलाय

‘फक्त आजारासाठी, बाकी कशासाठी नाही’ हे वाक्य कसं टिकतं हे बघायला शेनझेनला जायची गरज नाही. विरार लोकल पकडली तरी पुरे.

गर्भजल काढून तपासण्याची पद्धत आपल्या देशात १९७५ च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये आली ती जनुकीय दोष ओळखण्यासाठी. हेतू स्वच्छ होता. पण ज्या गर्भजलातून गुणसूत्रांचे दोष कळतात, त्यातूनच मुलगा की मुलगी हेही कळतं. वेगळी सुई नको, वेगळं यंत्र नको. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या खासगी दवाखान्यांत ही तपासणी उघडपणे होऊ लागली. आज थोडे पैसे घाला, उद्याचा हुंडा वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती लागल्या. १९८६ च्या आसपास डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून अभ्यास केला. त्यातले सुमारे ८४ टक्के डॉक्टर लिंगनिदानासाठी ही तपासणी करत होते.

त्याच १९८६ सालात, ६ ऑगस्टला, परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हाची मोठी बातमी. एकाच शहरात, एकाच काळात, एका बाजूला मूल होण्यासाठीचं विज्ञान आणि दुसऱ्या बाजूला मुलगी न होण्यासाठीचं. दोन्हीकडे पांढरे कोट, दोन्हीकडे ‘जोडप्याची इच्छा’.

स्त्री संघटना, आरोग्य कार्यकर्ते आणि काही डॉक्टर यांनी लढा दिला, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्या कायद्याचं तर्कशास्त्र आठवून बघा : जनुकीय आजारासाठी तपासणी चालेल, लिंगासाठी चालणार नाही. म्हणजे जियानकुई यांचं दुसरं तत्त्व, तीस वर्षं आधी, आणि तेही सरकारी राजपत्रात!

पुढे काय झालं? केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. गर्भधारणेच्या आधीच निवड करण्याची तंत्रं आली तेव्हा २००३ मध्ये त्यात सुधारणा करावी लागली. तीही सेहत, मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेल्यानंतर. आणि महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली किती? १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४.

कायदा नसता तर आकडा आणखी घसरला असता असं म्हणता येईल, आणि मी ते नाकारत नाही. पण ‘आजारासाठी हो, बाकी नाही’ ही रेघ कागदावर मारल्याने स्वतःची राखण स्वतः करत नाही, एवढं तरी त्या तीन आकड्यांवरून मान्य करावं लागेल.

दोन खणांमध्ये न बसणारा तिसरा

आता माझा मुख्य आक्षेप. ‘आजार’ आणि ‘हौस’ असे दोनच खण केले की आपण एक खण विसरतो. १९८६ मध्ये दवाखान्यात गेलेली बाई हौसेने गेली होती का? ती म्हणत होती, दोन मुली आहेत, सासरी राहायचंय, तिसरी झाली तर मला टाकतील. तिच्या दृष्टीने ती गरज होती. डॉक्टरही म्हणत होते की मी गरजू बाईला मदत करतोय. पहिलं तत्त्व, करुणा! आजार नव्हता आणि हौसही नव्हती. दबाव होता. आणि दबाव नेहमी गरजेचे कपडे घालून येतो.

ही नुसती जुनी गोष्ट नाही. ‘डिझायनर बेबी’ म्हटलं की सगळे बुद्धी आणि उंची यांवर बोलतात. ती भीती आज तरी फुगवलेली आहे. उंची किंवा बुद्धी हजारो ठिकाणच्या बारीक बारीक फरकांतून घडते आणि त्यात वातावरणाचाही वाटा असतो. दोन-चार कात्र्या मारून ते होणार नाही. पण त्वचेच्या रंगाचं तसं नाही. एसएलसी२४ए५ या एका जनुकातला एक फरक दक्षिण आशियातल्या माणसांच्या रंगातल्या तफावतीचा बराच मोठा वाटा उचलतो. आता लग्नाच्या जाहिराती वाचा. उद्या हे सुरक्षित आणि स्वस्त झालं तर किती आई-वडील त्याला हौस म्हणतील? म्हणतील, मुलीच्या भवितव्यासाठी करतोय. आणि ते खोटं बोलत नसतील.

‘हा घसरगुंडीचा युक्तिवाद आहे’ असं मुलाखतीत कुणीतरी तुम्हाला म्हणेल. घसरगुंडीचा युक्तिवाद कधी पोकळ असतो? मधल्या पायऱ्या दाखवता येत नाहीत तेव्हा. इथे पायऱ्या दाखवता येतात : एकाच नमुन्यातून दोन्ही माहिती मिळते, एकाच दवाखान्यात दोन्ही सेवा मिळतात, पैसे देणारं कुटुंब तेच असतं, आणि नकार देण्याची सगळ्यात कमी ताकद असलेली व्यक्ती टेबलावर असते. मी हे भाकीत म्हणून सांगत नाही. आपल्याच शहरात हे घडून गेलंय.

मग सिकलसेलचं काय?

आता उलट बाजूने तपासूया, नाहीतर मीही सोयीचं तेच बघतेय असं होईल. आपल्या पालघर जिल्ह्यात, आणि नंदुरबार-गडचिरोलीकडे तर मोठ्या प्रमाणात, सिकलसेल आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक, ‘ए’च्या जागी ‘टी’, आणि त्यातून हाडं फोडणाऱ्या वेदना, वारंवार रक्त चढवणं, कधी लहानपणीच मृत्यू. हा गंभीर आजार नाही असं कोण म्हणेल? एवढा स्पष्ट लक्ष्यबिंदू दुसरा सापडणार नाही. मग इथे तरी भ्रूणात बदल करायला हवा ना?

वही काढा. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भात आजाराची शक्यता चारात एक. म्हणजे आयव्हीएफने भ्रूण तयार केले तर सरासरी चारातले तीन आजार नसलेले. ते तपासून निवडता येतात, संपादन लागतच नाही. आपल्या २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्यातही भ्रूणाच्या तपासणीला ज्ञात आनुवंशिक आजारांपुरती परवानगी आहे.

आता संपादनाची अडचण बघा. बदल सगळ्या पेशींत जावा म्हणून तो फलित अंडं एका पेशीचं असतानाच करायला हवा. पण त्या अवस्थेत ते अंडं आजारी आहे की निरोगी हे कळत नाही, कारण एकुलती एक पेशी तपासली तर ती संपते. म्हणजे चारही अंड्यांत कात्री चालवायची, त्यातली तीन मुळात ठीक असताना. आणि नंतर बदल नीट झाला का हे बघायला भ्रूण तपासायचेच. तपासता येतंच, तर आधी न कापता तपासून निवडलं का नाही?

हा साधा हिशोब मुलाखतीत मांडलात तर पाठ केलेल्या दहा वाक्यांपेक्षा जास्त वजन पडेल.

संपादनाशिवाय पर्याय नाही अशी परिस्थिती उरते ती जवळपास एकच : आई-वडील दोघांनाही सिकलसेलचा आजार आहे. तेव्हा त्यांचं प्रत्येक मूल आजारी असणार, निवडायला निरोगी भ्रूणच नाही. अशी जोडपी थोडी, पण जिथे वाहकांचं प्रमाण जास्त आहे अशा वस्त्यांमध्ये ती काल्पनिक नाहीत. त्यांना ‘तुमच्यासाठी बंदी’ एवढंच सांगून पाठ फिरवणं मला जमत नाही. ही माझ्या युक्तिवादातली उघडी बाजू आहे आणि ती मी झाकत नाही.

पण त्यांच्यापुढेही प्रश्न ‘मूल की संपादन’ असा दोनच टोकांचा नसतो. जन्मल्याबरोबर निदान, पेनिसिलिन, लसी, हायड्रॉक्सीयुरिया यांनी सिकलसेलच्या मुलाचं आयुष्य बदलतं. आणि हा आजार सगळ्यांत सारखा नसतो. भारतातल्या अनेक रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात टिकतं आणि त्रास तुलनेने कमी असतो. काहींना मात्र तितकाच भयंकर होतो. अक्षर तेच, आयुष्य वेगवेगळं. मग ‘गंभीर’ हे कोण ठरवणार? जनुक बघणारा तंत्रज्ञ, डॉक्टर, आई-वडील, की तो आजार घेऊन जगणारी पंचवीस वर्षांची मुलगी?

माझी मैत्रीण आणि तिचं कार्ड

एमएससीला माझ्याबरोबर जव्हारकडची एक मैत्रीण होती. ती वाहक आहे. आजार नाही, कधी त्रास नाही, ट्रेकला आमच्या पुढे असायची. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं लक्ष्य आणि २०४७ हे तिचं अंतिम वर्ष. तपासणी झाली की स्थिती सांगणारं कार्ड मिळतं. लग्नाआधी दोघांची कार्डं बघितली तर आजारी मूल टाळता येईल, ही कल्पना. कल्पना शहाणपणाची आहे.

तिचं जमत आलेलं लग्न त्या कार्डावरून मोडलं. मुलगा वाहक होता का? नव्हता, त्याची तपासणीच झाली नव्हती. कार्ड फक्त हिचं बघितलं. ती मला फोनवर म्हणाली, "मला आजार नाही गं, नुसतं कार्ड आहे."

तपासणी चुकीची होती असं मी म्हणत नाही. तपासणी हवी, समुपदेशन हवं. पण बघा, हेतू आजार टाळण्याचा, साधन एक साधं रक्ताचं परीक्षण, आणि तरी ओझं पडलं ते एकट्या मुलीवर. कात्री अजून आलेलीही नाही. ती येईल तेव्हा तिला कोण काय सांगेल? ‘आता उपाय आहे ना, मग का नाही करून घेत?’ आज ‘मूल आजारी झालं’ याला लोक दैव म्हणतात. उद्या तो आईचा हलगर्जीपणा ठरेल.

‘शस्त्रक्रिया’ हा शब्द

शेवटची एक गोष्ट, भाषेची. जियानकुई यांनी या कामाला सतत ‘जनुकीय शस्त्रक्रिया’ म्हटलं. जनसंपर्क सल्लागाराची नोंद बाजूला ठेवायला सांगितली होती, ती आता काढा. शस्त्रक्रिया म्हटलं की एक आजारी माणूस गृहीत धरला जातो, ज्याला काहीतरी झालंय आणि ज्याला आपण वाचवतोय. फलित अंड्याच्या बाबतीत तो रुग्ण कुठे आहे? रुग्ण अजून नाही. आहे ती आई-वडिलांची इच्छा, की मूल व्हावं, स्वतःच्या रक्ताचं व्हावं आणि निरोगी व्हावं. ही इच्छा क्षुल्लक नाही, माणसं तिच्यासाठी घरं विकतात. पण तिला इच्छा म्हणून तोलूया. उपचार म्हटलं की नकार देणारा आपोआप निर्दय ठरतो, आणि चर्चा सुरू होण्याआधीच संपते.

मग उत्तर काय द्यायचं?

भारतात आज बीजरेषेतल्या जनुकीय उपचारांना मनाई आहे. आयसीएमआरची २०१९ ची जीन थेरपीची मार्गदर्शक तत्त्वं ते स्पष्ट सांगतात. आजच्या ज्ञानावर ही मनाई मला योग्य वाटते. कायमची असावी असं मी म्हणणार नाही. उद्या ती सैल करायची चर्चा झालीच, तर ज्या दोघांनाही सिकलसेल आहे अशी जोडपी आणि हा आजार घेऊन वाढलेली तरुण मुलं त्या खोलीत बसलेली हवीत, नुसते आपल्यासारखे पिपेटवाले नकोत.

त्या ज्युनिअरला मी पुलावर एवढं सगळं सांगू शकले नाही, गाडी आली. तीन प्रश्न मात्र सांगितले. तुम्हीही वहीत लिहून ठेवा. रुग्ण कोण आहे, आणि तो आज अस्तित्वात आहे का? हेच साध्य करायचा कमी धोक्याचा मार्ग आहे का, आणि तो लोकांपर्यंत पोचलाय का? आणि नाही म्हणण्याची ताकद कोणाकडे सगळ्यात कमी आहे?

‘आजार की हौस’ हा प्रश्न यानंतरचा. आधी हे तीन.

जमलं तर एक काम करा. तुमच्या विषयातला मागे घेतलेला एक निबंध शोधा आणि तो का मागे घेतला याची सूचना मूळ निबंधाशेजारी ठेवून वाचा. चांगले निबंध वाचून पद्धत कळते. मागे घेतलेले वाचून आपण कुठे फसतो ते कळतं. तुम्हाला काय सापडलं ते मला नक्की कळवा.

ता.क. : मुलाखत झाली. त्याला हा प्रश्न विचारलाच नाही, पीसीआरमध्ये मॅग्नेशियम का लागतं ते विचारलं. असो, त्यावर पुढची पोस्ट.